कॉन्ट्रा हा जुना गोळीबाराचा व्हिडिओ गेम परत खेळायचाय? असं करा

ती पिवळी '९९९९९९ इन १' कॅसेट आठवतेय ना, ज्यात तेच पाच-सहा गेम फिरून फिरून यायचे? ती आता शोधत बसू नका, बाजारात मिळणारे स्वस्त कन्सोल पण बहुतेक वेळा तसलेच असतात. सरळ कोनामी या गेम कंपनीचं कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन घ्या. २०१९ला आलंय, पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून मिळतं, स्विच, पीएस४, एक्सबॉक्स वन या कन्सोलवर पण आहे. थोडं थांबून सेलमध्ये घेतलंत तर अजून बरं.

आत एकाच कॉन्ट्राच्या वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतील, गोंधळू नका. आर्केडवाला (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा) दिसायला भारी पण आपला तो नाही, आपला म्हणजे ८ स्टेजचा एनईएसवाला (निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलवरचा), आणि जपानी फॅमिकॉमवाला (त्याच कन्सोलच्या जपानी रूपावरचा) पण उघडून बघाच कारण त्यात स्टेजच्या आधी नकाशा येतो, बर्फ पडतो, जे अमेरिकन आवृत्तीत काढून टाकलं होतं.

टीव्हीवर लावणार असाल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते आणि मग धबधब्याच्या स्टेजला वाट लागते. चित्र जुन्या टीव्हीसारखं ४:३ च ठेवा, ताणलेला हिरो बघवत नाही.

३० लाइफ हवेत? एनईएसवाल्याच्या टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, मग स्टार्ट. दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. सेव्ह स्टेट (हवं तिथे गेम साठवून पुन्हा तिथूनच खेळायची सोय) पण आहे, पण भावासोबत खेळताना ते वापरलं तर भांडणात काय मजा राहणार!