परदेशी पदार्थ करायचाय? मग तयारी आदल्या दिवसापासून

एका संध्याकाळी एकच देश, हे आधी ठरवून टाका. जपानची सूशी, इटलीचा रिसोतो (दाटसर, मऊ भात) आणि मेक्सिकोचा टाको एकाच जेवणात मांडायचा मोह होतो खरा, पण तिन्हींची धावपळ शेवटच्या अर्ध्या तासात येते आणि आपल्याला हात दोनच.

पदार्थ ठरला की कृती शेवटपर्यंत वाचा, तीही फक्त वेळ शोधत. ‘रात्रभर भिजवून’ हे हमखास कुठेतरी मधल्या ओळीत दडलेलं असतं. फलाफलचे (चणे वाटून तळलेल्या गोळ्यांचे) काबुली चणे निदान 12 तास भिजायला हवेत, आणि ते कच्चेच वाटायचे. घाईत मी एकदा उकडलेले चणे वापरले होते. गोळे तेलात पडताच विस्कटले. चिली कॉन कार्नेसाठी (मांस आणि मिरचीचा तिखट रस्सा) लाल राजमा घेणार असाल तर भिजवल्याचं पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. कच्च्या दाण्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट बिघडवतं, आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते जाईलच असं नाही.

मग मापं बघा. कृती कुठली आहे त्यावर कप बदलतो: अमेरिकेत सुमारे 240 मिली, ऑस्ट्रेलियात 250, जपानमध्ये 200. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पूनही 20 मिलीचा, एरवी बहुतेक ठिकाणी 15. केक बिघडला की आपण ओव्हनला दोष देतो, आणि चूक असते कपाची. वजनकाटा असेल तर ग्रॅममधलीच कृती निवडा. ओव्हनला 350 अंश लिहिलंय म्हणजे ते फॅरनहाइट, सेल्सिअसमध्ये साधारण 175. पंख्याचा ओव्हन असेल तर त्याहून 20 कमी.

सामानाच्या यादीत कशाला पर्याय चालेल आणि कशाला नाही, यावर खुणा करा. सजावटीची पानं कुठलीही चालतील. पण मक्याच्या टॉर्टियासाठी (मेक्सिकन पोळीसाठी) साधं मक्याचं पीठ आणलंत तर ते मळलंच जाणार नाही. त्याला मासा हरिना लागतं, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. तांदळाचंही तसंच. रिसोतोचा आर्बोरिओ तांदूळ धुवायचा नाही, कारण त्याच्या स्टार्चनेच तो दाटसर होतो. सूशीचा तांदूळ मात्र पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा.

चिरणं, किसणं, सॉस कालवणं सगळं गॅस पेटवायच्या आधी. वोकमध्ये (खोलगट चिनी कढईत) परतायचं असेल तर यात सूटच नाही: भाज्या कोरड्या पुसलेल्या, वाट्या क्रमाने लावलेल्या. रिसोतोचा स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) शेजारच्या शेगडीवर गरम असू द्या.

पास्ता असेल तर 100 ग्रॅमला एक लिटर पाणी धरा, आणि चाळणीशेजारी एक रिकामा मग ठेवा. सॉस दाट करायला पास्ता शिजवलेलं ते स्टार्चचं पाणी लागतं, आणि तो मग समोर नसला की ते सवयीने सिंकमध्ये जातं.