माचीच्या चढावर घसरलेला क्लच

बडोद्याहून पावागढला जाताना माचीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढे सरकेना. सपाटीवर हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते चालूच राहिलं! म्हणजे क्लच प्लेट गेली.

मिस्त्रीकाकांनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिथे दाबून बसते त्या इंजिनच्या जड चाकावर, उष्णतेचे निळसर डाग. फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंगही सोबतच बदला, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. "इंजिनचं मागचं ऑइल सील पण घालून टाक रे," काका म्हणाले, "तेल झिरपलं की नवी प्लेटही घसरणार." अगदी खरं. शेवटी क्लचच्या केबलला थोडी ढील ठेवली. ताणलेली राहिली तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं.