ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेर कॉल करू नका

स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींना एसक्यूएल बऱ्यापैकी येतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. डेटाबेसचं कनेक्शन कधी घेतलं आणि कधी परत गेलं, हे कोड वाचून कळत नाही.

पोस्टग्रेस (डेटाबेस) प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस चालवतं आणि डीफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची. म्हणून ॲप्लिकेशन पूल ठेवतं, म्हणजे उघडलेली ठरावीक कनेक्शन आलटूनपालटून वापरतं. स्प्रिंग बूट २ पासून हिकारी हा पूल आपोआप मिळतो, त्यात कमाल १० कनेक्शन. ती सगळी अडकली की पुढची रिक्वेस्ट ३० सेकंद थांबते आणि टाइमआउट होते.

टाइमआउट दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘पूल वाढवा.’ मी आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, म्हणजे कुठलं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारा पोस्टग्रेसचा तक्ता, बघायला सांगतो. एका प्रोजेक्टवर तिथे सगळ्या कनेक्शनसमोर ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ लिहिलेलं होतं. म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल) उघडं, पण क्वेरी एकही चालू नाही. मेथड अशी होती: ऑर्डरची रो अपडेट, पेमेंट गेटवेला कॉल, मग स्टेटस अपडेट, आणि या सगळ्यावर एकच ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन (मेथड ट्रान्झॅक्शनमध्ये चालवायला सांगणारी खूण). गेटवे उत्तर देईपर्यंत कनेक्शन अडकलेलं आणि त्या रोवर लॉकही. तिथे पूल वाढवला असता, तर अडकलेली कनेक्शन तेवढी वाढली असती.

उपाय म्हणजे तुकडे करणं. ऑर्डर ‘पेंडिंग’ करून कमिट (पक्कं) करा, गेटवेला कॉल ट्रान्झॅक्शनबाहेर करा, उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्टेटस लिहा. मधेच सर्व्हर बंद पडला तर ऑर्डर पेंडिंगच राहते. त्यामुळे अशा ऑर्डरींची गेटवेकडे चौकशी करणारा जॉब हवाच. पैशांच्या कामात तो ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचा नसतो.

तुकडे करताना नवे लोक हमखास दोन ठिकाणी फसतात. नव्या मेथड त्याच क्लासमध्ये ठेवून थेट बोलावल्या तर कॉल स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू-बंद करणाऱ्या मधल्या ऑब्जेक्टमधून) जातच नाही आणि ॲनोटेशन निकामी ठरतं. मग दोन सेव्हपैकी दुसरं फसलं तरी पहिलं रोलबॅक (रद्द) होत नाही. त्या मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टमध्ये) न्या.

दुसरी जागा ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे डेटाबेसचं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत उघडं ठेवणारं सेटिंग. जेपीए (टेबल आणि जावा ऑब्जेक्ट जोडणारी पद्धत) वापरत असाल तर हे डीफॉल्ट चालू असतं, आणि त्यामुळे कमिट झाल्यावरही रिक्वेस्ट संपेपर्यंत कनेक्शन पूलमध्ये परत जात नाही. आता तक्त्यात नुसतं ‘आयडल’ दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. ओपन-इन-व्ह्यू बंद करा, हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड २००० मिलिसेकंद ठेवा आणि लोड टेस्ट चालवा. कनेक्शन त्याहून जास्त वेळ बाहेर राहिलं, तर ते कुठल्या ओळीवर घेतलं त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येतो.