थंड पाण्यासाठी वेटसूट घेताय? या चुका टाळा

तारकर्लीच्या नाहीतर गोव्याच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात डायव्हिंग शिकलेला माणूस नोकरीनिमित्त इंग्लंडला जातो आणि तिथल्या पहिल्याच डायव्हला विसाव्या मिनिटाला कुडकुडायला लागतो. तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र) असतो म्हणून दात वाजल्याचा आवाज येत नाही, इतकंच. ब्रिटनच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ६ ते ८ अंशांवर येतं. दक्षिण किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात ते फार तर १६ ते १८ अंशांवर जातं. त्यात पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं.

यावर बहुतेक जण आणखी जाड वेटसूट (आत थोडं पाणी येऊ देणारा रबरी पोशाख) विकत घेतात. पण थंडी बहुधा फटींतून शिरते. ढगळ ७ मिमीपेक्षा अंगाला चिकटून बसणारा ५ मिमी सूट कितीतरी उबदार ठरतो.

‘आत आलेलं पाणी तापतं आणि तेच ऊब देतं’

हे अर्धसत्य पुष्कळ ठिकाणी शिकवलं जातं. ऊब धरून ठेवतात ते निओप्रिनच्या, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. आतलं पाणी तापवायला तुमच्याच अंगाची उष्णता खर्च होते. ते जागच्या जागी राहिलं तर ठीक, पण प्रत्येक हालचालीला थोडं बाहेर जाऊन तेवढंच गार आत येत असेल, तर तुम्ही समुद्र तापवत बसलाय असं समजा.

म्हणून दुकानात नुसतं आरशासमोर उभं राहू नका. सूट घालून पूर्ण खाली बसा, दोन्ही हात वर करा, पाठीमागे सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाठायचा प्रयत्न करा. मग दुसऱ्याला चार जागा चिमटीत धरून पाहायला सांगा: कमरेचा मागचा खळगा, काख, जांघ आणि गुडघ्यामागची बाजू. कुठे फुगा धरता आला तर तिथे पाणी साठणार. कमरेच्या खळग्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हवेत सूट जरा जास्तच घट्ट वाटतो, पाण्यात तो सैलावतो. मात्र छाती भरून श्वास घेता आलाच पाहिजे.

गळा हा अपवाद. तिथे पाणी अडायला हवं, पण आवळता कामा नये. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर सतत दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि घेरी येऊ शकते.

शिवण आणि झिप न पाहता घेणं

सूट उलटा करून शिवण पाहा. साध्या फ्लॅटलॉक शिवणीत सुई कापडाच्या आरपार जाते आणि प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. उन्हाळी सूटला ते चालतं. थंड पाण्यासाठी कडा आधी चिकटवून मग सुई अर्ध्याच जाडीत फिरवलेली ‘ब्लाइंड स्टिच’ शिवण हवी. मनगट, घोटे आणि गळा इथे आतून गुळगुळीत रबराच्या पट्ट्या असतील, तर तो सेमीड्राय सूट. त्या पट्ट्या थेट कातडीवरच बसल्या पाहिजेत. खाली रॅश-गार्डची (आत घालायच्या पातळ, घट्ट बनियनची) बाही किंवा बुटाची कड आली की तिथून पाणी आत आलंच. झिपच्या मागे पाणी अडवणारा पडदा आहे ना, तेही बघा.

वरच्या पाण्यावरून जाडी ठरवणं

लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत हा घोळ हमखास होतो. उन्हाळ्यात वरचं पाणी छान असतं, पण काही मीटर खाली गेलं की तापमान एकदम घसरतं. तेव्हा हिशोब तळाच्या तापमानाचा करा. ढोबळमानाने २१ ते २६ अंशांना ५ मिमी, १५ ते २० ला ७ मिमी, १० ते १५ ला ७ मिमी सेमीड्राय किंवा धडावर दोन थर येणारा टू-पीस. १० च्या खाली ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट. तिथे वेटसूटवर आणखी पैसे घालण्यात शहाणपण नाही.

खोलीही मोजा. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० वर तिप्पट. बुडबुडे आकसतात, सूट पातळ होतो आणि ऊब नेमकी गरजेच्या वेळी कमी पडते. याच कारणासाठी सर्फिंगचे लवचिक सूट डायव्हिंगला घेऊ नयेत. त्यांचं मऊ निओप्रिन पृष्ठभागावर झकास, पण खोलीत लवकर चेपतं.

हुड, हात, पाय

हुड नसेल तर गार पाणी कानात जाऊन चक्कर येते आणि कपाळात कळ उठते. ५ ते ७ मिमीचा हुड घ्या, त्याची झालर सूटच्या गळ्याखाली नीट पसरून दाबा. हातमोजे जास्त घट्ट असतील तर रक्तपुरवठा कमी होऊन बोटं उलट लवकर बधिर होतात. जाड बूट घेतले की जुने फिन बसत नाहीत, म्हणून फिन बूट घालूनच मापा.

वजनाचा जुना आकडा

जाड निओप्रिन जास्त तरंगतं, त्यामुळे ३ मिमीच्या सूटला चाललेलं, बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिशाचं वजन इथे पुरत नाही. सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) रिकामा करून, नेहमीसारखा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं. भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरवर चाचणी केली असेल तर सुमारे २ किलो वाढवा, कारण तेवढी हवा डायव्हमध्ये संपते. सामानासकट १०० किलो भरणाऱ्याला समुद्रातून गोड्या पाण्यात आल्यावर सुमारे अडीच किलो कमी लागतात.

तरीही थंडी वाजते?

मान वळवली की पाठीच्या कण्यावरून गार धार उतरते: गळा, झिप किंवा आत दुमडलेली हुडची झालर. हात हलवताना दंडापर्यंत गार वाटतं: मनगटाची पट्टी. वर ठीक, २० मीटरला गारठा: निओप्रिन चेपतंय. कुठूनच धार नाही, पण सगळं अंग हळूहळू थंड पडतं: जाडी कमी आहे किंवा सूट म्हातारा झालाय. गुडघ्याजवळचं निओप्रिन चिमटीत धरा, मग पोटरीजवळचं. गुडघ्याचं पातळ आणि कडक लागलं तर बुडबुडे मेले. सेकंडहँड सूट घेतानाही हीच परीक्षा.

पहिला डायव्ह बरा गेला आणि दुसऱ्याला काकडायला झालं, तर दोष बहुधा मधल्या तासाचा. ओल्या सूटवर वारा लागला की बाष्पीभवनाने अंग झपाट्याने गार होतं. वरून वारा अडवणारा कोट घाला, हुड काढून डोकं पुसा, गरम चहा घ्या. आणि पाण्यात थरथर थांबत नसेल किंवा इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायचं) बटण बोटाला नीट दाबता येत नसेल, तर हवा कितीही उरलेली असो, जोडीदाराला खूण करून वर या.