वाकलेलं मागचं हाउसिंग : आग लावायच्या आधी या चुका टाळा

जीप असो, फोर बाय फोर कॅम्पर असो की पिकअप, मागचं चाक वरच्या बाजूने आत कललेलं दिसलं की मालकाचा धीर सुटतो. गाडी माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्या हाउसिंगवर, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या पोकळ आडव्या नळीवर, जिच्या आत शाफ्ट आणि गिअर असतात, दोन-तीन जणांचे हात फिरून झालेले असतात. कुणी गॅसने लाल केलेलं असतं, कुणी खालून-वरून पट्ट्या मारलेल्या असतात, कुणी साखळी बांधून जॅकने ताणलेलं असतं. मूळचा बाक काढणं फार अवघड नसतं. वेळ आणि पैसा जातो तो हे मधले उपाय निस्तरण्यात.

हाउसिंग वाकतं कसं ते आधी समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. गाडीचं वजन पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) हाउसिंगवर येतं आणि हाउसिंगला टेकू असतो दोन टोकांना, चाकांचा. पाटे चाकांच्या आतल्या बाजूला असतात. त्यामुळे वजन जास्त झालं की मधला भाग खाली जातो, टोकं वर उचलली जातात आणि दोन्ही चाकं वरून आत झुकतात. टायर आतल्या कडेला झिजतो. सिंधुदुर्गात जांभ्याचे चिरे खाणीतून काढणाऱ्या गाड्या, उसाच्या फडातून भरून निघणारे पिकअप, आणि हौशी मंडळींच्या बांधावरून उड्या मारणाऱ्या जीपा, सगळ्यांचं हेच होतं. एखादं चाक पुढून दगडावर आपटलं असेल तर बाक वेगळा पडतो. ते टोक मागे जातं आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं.

न मोजता खोलणं

सगळ्यात जास्त चीड मला याची येते. सील गळलं, सील बदललं. महिन्याभरात परत गळलं, आता बेअरिंग आणि सील दोन्ही बदलले. मग कुणीतरी म्हणतं चाक फिरवणारा शाफ्ट वाकलाय, म्हणून शाफ्टही नवीन. एक कॅम्पर माझ्याकडे आली होती, तिच्या मालकाने उजव्या बाजूचं बेअरिंग इतक्या वेळा बदललं होतं की त्या पैशात चांगलं जुनं हाउसिंग आलं असतं. प्रत्येक वेळी मेकॅनिकने काम नीट केलं होतं, माल अस्सल वापरला होता. पण हाउसिंगचं टोक वर कललेलं होतं आणि शाफ्टचं आतलं टोक मात्र मधल्या गोळ्यातल्या (डिफरेन्शियलच्या) गिअरमध्ये जुन्याच रेषेत अडकलेलं. असा तिरका शाफ्ट बेअरिंगला एका कडेला दाबतो आणि सीलच्या ओठाला एका बाजूने खातो. तिथे कितीही महागडं सील बसवा, ते टिकणार नाही.

शाफ्ट वाकलाय की हाउसिंग, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. चेसिसखाली स्टँड लावा, चाक हवेत मोकळं फिरेल असं करा, रिमच्या कडेजवळ एक तार रोवा आणि चाक हाताने फिरवा. रिमची कड तारेपासून लांब-जवळ होत असेल तर शाफ्ट किंवा रिम वाकलंय. चाक एकसारखं फिरतंय पण कललेलंच राहतंय, तर बाक हाउसिंगमध्ये आहे. एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती न करता लोक थेट पाना घेऊन बसतात.

नंतर मोजा. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी करा. रिमच्या वरच्या कडेजवळून ओळंबा सोडा आणि वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्या. १६ इंची रिमला एक अंश कल म्हणजे साधारण ७ मिलिमीटरचा फरक. चाकांचं तोंड तपासायला दोन सरळ अँगल घ्या, दोन्ही टायरना बाहेरून टेकवा आणि गाडीखालून टेप टाकून पुढचं आणि मागचं अंतर मोजा. मग गाडी अर्धा फेरा ढकलून पुन्हा मोजा, म्हणजे रिममधला दोष असेल तर तो वेगळा कळतो. आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. काम संपल्यावर त्यांच्याशीच ताडून बघायचं आहे.

मोजताना दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही (पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर) घ्या. पाट्याला हाउसिंगवर जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटला की अख्खं अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतं आणि गाडी तिरकी चालते. हाउसिंग वाकल्याची बोंब होते आणि दोष निघतो एका बोल्टाचा. तसंच ब्रीदरचं, म्हणजे हाउसिंगच्या हवा खेळायच्या छोट्या तोंडाचं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तापलेल्या हाउसिंगमधला दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. उलट गरम हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेलं तर आत पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर आधी ब्रीदर बघा.

बाक एकीकडे, जोर दुसरीकडे

ही चूक सगळ्यात घातक, कारण काम झाल्यावर गाडी सरळ दिसते.

एका तरुणाने जुनी जीप घेतली होती. डाव्या बाजूला हाउसिंगला बाक होता, पाट्याच्या बैठकीच्या अगदी बाहेर. त्याने ज्याच्याकडे काम दिलं त्याने हाउसिंगची दोन्ही टोकं साखळीने खाली बांधली आणि मधल्या गोळ्याखाली जॅक लावून वर ढकललं. चाक सरळ होईपर्यंत ढकललं. ओळंब्यात चाक सरळ आलं, टायर खाणं थांबलं, पोरगा खूश. मग करूळ घाटात भर चढणीवर डावा शाफ्ट दातांपाशी तुटला. त्याने नवा घातला. तो पहिल्यापेक्षाही लवकर गेला.

मग मी हाउसिंग खोललं, डिफरेन्शियल बाहेर काढलं आणि दोन्ही टोकांना मधोमध भोक असलेल्या लेथवर घासलेल्या चकत्या बसवून त्या भोकांतून पातळ स्टीलची तार ताणली. तार मधल्या बेअरिंगच्या जागांच्या मध्यातून जायला हवी होती. डाव्या बाजूला ती चांगलीच खाली होती. म्हणजे मूळचा बाक तिथेच होता, आणि गोळ्याच्या तोंडाशी नळी उलटी वाकवून त्याची फक्त भरपाई केली होती. चाकापाशी एक चूक दुसरीला झाकत होती. शाफ्ट मात्र प्रत्येक फेऱ्याला वाकत आणि सरळ होत होता, आणि असं झालं की पोलाद थकून दातांच्या मुळाशी तुटतं. त्या नळीला गोळ्याजवळ आता सुरकुतीही पडली होती. मूळ बाक काढता आला असता. ते हाउसिंग मात्र भंगारात टाकावं लागलं.

म्हणून चाक बघून हाउसिंग सरळ झालं असं कधीही ठरवू नका. चाक फक्त टोकाचा कोन सांगतं. मधली रेष बेअरिंगच्या जागांवरूनच कळते. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांच्याकडे बेअरिंगच्या जागांत बसणाऱ्या चकत्या आणि त्यांतून जाणारा जाड, घासून सरळ केलेला बार असतो. तो बार दोन्ही टोकांतून हाताने सरकला तरच हाउसिंग सरळ. बार नसेल तर तार चालते. चकत्या आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देतो, फक्त बेअरिंगच्या जागेचं माप मायक्रोमीटरने घेऊन द्या, पट्टीने नको.

जोर बाकाच्या जागीच द्यायचा. मी थंडच दाबतो. जाड आय सेक्शनवर (I आकाराच्या गर्डरवर) हाउसिंग बांधून, बाकाच्या दोन्ही बाजूंना टेकू देऊन, प्रेसने थोडं थोडं. पोलाद परत उसळतं, म्हणून थोडं पलीकडे न्यावं लागतं. दर वेळी दाब सोडून तार बघायची. घाई करणाऱ्याने हे काम घेऊच नये. एका दाबात सरळ करायच्या नादात नळी पलीकडे जाते, मग ती परत आणायची, मग परत. तेवढ्यात धातूचा दम संपतो.

वरून पट्टी मारून मजबूत करणं

हल्ली हौशी लोकांना ट्रस, म्हणजे हाउसिंगवर वेल्ड केलेला पट्ट्यांचा आधार, बसवायचं वेड आहे. ट्रस चांगलाच असतो, मी स्वतः बसवतो. पण वेल्डिंग थंड होताना आखडतं, हे लोक विसरतात. हाउसिंगच्या वरच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग ओढलं की वरची बाजू आखडते आणि टोकं वर येतात. ओव्हरलोडने हाउसिंग ज्या दिशेला वाकतं, नेमकी तीच ही दिशा. मजबूत करायच्या नावाखाली तुम्ही हाउसिंग आधी वाकवता आणि मग त्याच बाकात कायमचं जखडून टाकता.

ट्रस मारायचाच असेल तर हाउसिंग आधी सरळ करा, आय सेक्शनला घट्ट बांधा, वेल्डिंगचे दोन-अडीच इंचांचे तुकडे मारा, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं निवू द्या. सगळं झाल्यावर तार परत ताणा. हाच आखडण्याचा गुण कामालाही येतो. थोडासाच बाक असेल तर बाकाच्या फुगलेल्या अंगावर, म्हणजे टोक वर गेलेल्या हाउसिंगच्या खालच्या बाजूला, वेल्डिंगची एक रेघ ओढली की ते स्वतःच परत खेचलं जातं. मात्र हे तारेकडे बघत, तुकड्या-तुकड्याने करायचं काम आहे.

मधला गोळा ओतीव आणि नळ्या पोलादी, अशा बनावटीत गोळा-नळीच्या सांध्यावर साधा रॉड चालवू नका. ओतीवाला निकेल रॉड लागतो, आधी सगळा भाग एकसारखा गरम करावा लागतो आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत झाकून हळूहळू निवू द्यावा लागतो. साध्या रॉडचा सांधा देखणा दिसतो आणि पहिल्याच खडकाळ रस्त्यावर कडेने तडकतो.

बाकीच्या, थोडक्यात

लाल तापवून पाणी ओतू नका. त्या जागी पोलाद एकतर मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं, आणि पुढचा बाक तिथेच पडतो.

वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या शेजारी लावा. ड्रमला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यात खड्डे पडतात. बॅटरीची वायर काढा, शाफ्ट आणि ब्रेकचे पाइप काढा.

पावसाळ्यात वेल्डिंगचे ७०१८ रॉड उघड्या पाकिटातून काढून वापरू नका. दमट रॉडचा सांधा दुसऱ्या दिवशी आपोआप चिरलेला मी पाहिलाय. भट्टीत वाळवा, नाहीतर नवं पाकीट फोडा.

पाटे हाउसिंगला बांधणारे जुने यू बोल्ट परत घालू नका. ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढं धरत नाही. इथे शंभर रुपये वाचवणाऱ्याला मी गाडी परत न्यायला सांगतो.

बदलायचं कधी, आणि बदलताना काय बघायचं

नळीला सुरकुती पडली असेल, गोळ्याच्या सांध्याला तडा असेल, बेअरिंगची जागा सैल झाली असेल, तर सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. तड्याची शंका असेल तिथे जागा स्वच्छ घासून रॉकेल लावा, पुसा आणि वर खडू फासा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. जुनी युक्ती आहे, फुकट आहे, तरी कुणी करत नाही. एका बाजूला दोन अंशांहून जास्त बाक असेल तर मी सरळ करायला घेतच नाही. ही माझी सवय आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाउसिंग घ्यायला जाल तर चकत्या आणि तार सोबत न्या. तिथला माल बहुधा अपघाताच्या किंवा ओव्हरलोडच्या गाडीचा असतो. रंग मारलेलं हाउसिंग तर मी हातातच घेत नाही, रंगाखाली वेल्डिंग लपतं. दोन्ही नळ्या आतून टॉर्चने बघा, सुरकुती आतून लवकर दिसते.

फोर बाय फोरला सगळ्यात मोठा घोळ रेशोचा, म्हणजे क्राउन आणि पिनियन या दोन गिअरच्या दातांच्या प्रमाणाचा, होतो. हाउसिंग अख्खं, आतल्या क्राउन-पिनियनसकट मिळालं की लोक तसंच चढवतात. पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशो तोच आहे का, ते कुणी मोजत नाही. जुन्या विलीज धाटणीच्या सीजे-३बी जीपमध्ये क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे ५.३८. मागे वेगळं आलं तर फोर व्हील लावल्यावर पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडतं, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी ट्रान्सफर केस अडकते, आणि कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटतंच. दात मोजा. टॅगवर विश्वास ठेवू नका, कारण आतला संच आधीच कुणीतरी बदललेला असू शकतो.

पाट्यांच्या बैठका नव्या हाउसिंगवर वेल्ड करणार असाल तर आधी फक्त टाके मारा. हाउसिंग गाडीखाली घ्या, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या, पिनियनचा कोन जुळवा आणि मगच हाउसिंग परत खाली काढून पूर्ण वेल्डिंग करा. गाडी हवेत असताना जुळवलेला कोन जमिनीवर बदलतो आणि मग प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याच्या टोकांचे सांधे) झिजत राहतात.

सगळं बसलं की ९० नंबरचं गिअर ऑइल प्लगच्या भोकापर्यंत भरा, ब्रीदर नवा लावा आणि वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी गाडी चालवून या. थांबल्यावर दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला तर त्या बाजूला अजून काहीतरी चुकलंय, गाडी भरू नका. यू बोल्ट परत आवळा, आणि पहिल्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिलेल्या आकड्यांशेजारी आजचे आकडे लिहा.