सोलरचं गरम पाणी न्हाणीत लगेच येण्यासाठी, पंप घ्यायच्या आधीची तयारी

आमचं घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. सोलर पुढच्या स्लॅबवर आणि न्हाणी मागे परसात, त्यामुळे सकाळी गरम नळ सोडला की दोन मिनिटं नुसतं गार पाणी येतं आणि आई तोवर कुडकुडत उभी. कोकणात पाऊस बदाबदा पडतो म्हणून पाण्याला तोटा नाही असं बाहेरच्यांना वाटतं, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागला की हेच मोरीत जाणारं पाणी बघून जीव तुटतो. म्हणून आम्ही रिटर्न लाइन टाकली, म्हणजे पाइपात गार होऊन बसलेलं पाणी छोटा पंप परत सोलरच्या टाकीत ढकलतो आणि नळापर्यंत गरम पाणी येऊन थांबतं. काम एका दिवसाचं, तयारी मात्र पंधरा दिवसांची, आणि तीच नीट करा म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात आधी बादली घ्या, पंपाचं नंतर बघू. पहाटे कोणी नळ उघडायच्या आधी लांबच्या नळाखाली बादली लावा आणि हाताला गरम लागेपर्यंत किती लिटर जातं ते मोजा, किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा. मग टेप घेऊन टाकीपासून नळापर्यंतचा पाइप मोजा, वळसे धरून. पाऊण इंची सीपीव्हीसीमध्ये (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप) मीटरला साधारण पाव लिटर पाणी बसतं, आमचा पाइप 24 मीटर म्हणजे सहा लिटर, पण बादलीत साडेआठ आलं कारण पाइप स्वतः तापायलाही पाणी खातो. माणशी एक अंघोळ धरली तरी चार माणसांचे दिवसाला 34 लिटर, महिन्याला हजार लिटरची टाकी (एकामागोमाग अंघोळी उरकल्या तर कमी, पण आमच्याकडे कोण सहाला उठतो कोण नऊला). तुमच्याकडे बादलीत दोन-तीन लिटरच आलं तर हा खर्च करू नका, पाइपाला फोमची नळी चढवा, तेवढं पुरेल. आणि न्हाणीत तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर हा विषयच नाही, परत आलेलं पाणी साठवायला टाकी लागते.

आता पंप. प्लंबर म्हणेल दोन मजले चढवायचंय, अर्ध्या एचपीचा घ्या. ऐकू नका. जाणारा पाइप आणि येणारा पाइप दोन्ही पाण्याने भरलेले आणि दोन्ही त्याच टाकीला जोडलेले, एका बाजूचं वजन दुसरी बाजू तोलते, पंपाला फक्त पाइपातलं घर्षण सोसायचंय, म्हणून 25-30 वॉटचा सर्क्युलेशन पंप बास होतो. काही जण म्हणतात गरम पाणी आपोआप फिरतं, पंप कशाला, तर ते गरम करणारी टाकी खाली असेल तेव्हा, आपली टाकी डोक्यावर आहे. घेताना बॉडी ब्राँझ किंवा स्टेनलेसची बघा, बिडाची नको, रोजच्या ताज्या पाण्याने ती गंजते आणि तांबडं पाणी नळाला येतं. गरम पाण्याला चालतो ना ते लेबलवर वाचा, कारण एप्रिलात सोलर सत्तर डिग्रीलाही जातो. बसवताना शाफ्ट (आतला फिरणारा दांडा) आडवा पाहिजे, दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता पंप सोडवता येणारा जोड), पंपाच्या अलीकडे जाळीचा फिल्टर. हे सामान आधीच आणून ठेवा, नाहीतर एका युनियनसाठी चिपळूणची फेरी पडते.

रिटर्नला अर्धा इंच पुरतो, पण सीपीव्हीसी किंवा पीपीआरच (हाही गरम पाण्याचाच प्लास्टिक पाइप) घ्या, गार पाण्याचा साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो. परतीचं पाणी टाकीच्या खालच्या गार इनलेटला टी मारून सोडा, वर सोडलंत तर वरचं तापलेलं पाणी ढवळून जातं. त्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवाच, त्याच्यावरचा बाण टाकीकडे. आमच्याकडे पहिल्या खेपेला तो उलटा बसला होता आणि पंप नुसता घरघरत राहिला, रिटर्नमध्ये पाणी हलेचना. मग काढूनच टाकला तर नळ सोडल्यावर टाकीकडचं गार पाणी रिटर्नमधून मागच्या दाराने येऊन गरमात मिसळायला लागलं, कोमट पाण्याने आठवडा काढला.

खारी हवा विसरू नका. जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) क्लँप दोन पावसाळ्यांत गंजून चिऱ्यावर तांबडे ओघळ येतात, स्टेनलेसचे घ्या, जमलं तर 316 ग्रेडचे. उघड्यावरच्या फोमवर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळा, उन्हाने फोमचा भुगा होतो. चिऱ्याच्या भिंतीत खाच मारायची असेल तर पाऊस संपून भिंत सुकल्यावर, दिवाळीनंतर. गणपतीच्या आधी तर हे काम अजिबात काढू नका, चाकरमानी घरात आणि न्हाणी फोडलेली, फार हाल होतात.

विजेचं काम वायरमनकडूनच. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, अर्थिंग तपासून घ्या कारण आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग लागत नाही, आणि पंप न्हाणीच्या बाहेर शिंतोडे न येतील असा. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 18 युनिट जातात आणि त्याहून वाईट म्हणजे टाकीतली उष्णता रात्रभर पाइपातून उडून जाते, म्हणून न्हाणीच्या दाराबाहेर बेलसारखं बटण घ्या. दाबलं की पंप सुरू, शेवटच्या नळाजवळचा पाइप चाळीस डिग्रीला आला की थर्मोस्टॅट बंद करेल. पण त्याच्या जोडीला तीन-चार मिनिटांचा टायमरही हवाच हवा, कारण आषाढ-श्रावणात सोलर तापत नाही, पाइप चाळीसला येतच नाही आणि पंप थांबतच नाही. त्या दिवसांत टाकीतला दोन किलोवॉटचा हीटर आधी लावायचा, मग बटण.

घरातल्यांना आधी सांगून ठेवा की आता नळ सोडल्या सोडल्या कढत पाणी येणार. पूर्वी पहिलं गार यायचं, हात सावध व्हायचा, ते आता नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर गार-गरम मिसळून देणारा मिक्सर नळ बसवा किंवा बादलीत आधी गार पाणी घ्यायची सवय लावा. मला या सगळ्या यादीत याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

शेवटी, खाच बुजवायच्या आधी लाइन भरून एक रात्र तशीच ठेवा, सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, भिंतीजवळ मोजायची टेप धरून पाइपांचे फोटो काढा म्हणजे पुढे खिळा मारताना पाइप फुटणार नाही. मग पंप बंद ठेवून गरम नळ सोडा आणि दुसरा हात रिटर्नवर ठेवा. त्यात पाणी उलटं पळताना जाणवलं तर एनआरव्ही बघायला लावा, गवंड्याला त्यानंतरच बोलवा.