बर्बेराचा इतिहास मुंबईत बसून कसा शोधावा

बर्बेरा हे सोमालिलँडमधल्या साहिल प्रांताचं राजधानीचं शहर. एडनच्या आखाताच्या दक्षिण काठावर, समुद्रात घुसलेल्या वाळूच्या लांब जिभेआड त्याचं बंदर आहे. या गावाचा इतिहास लिहायचा तर लंडनच गाठायला हवं असं वाटतं. पण एकोणिसाव्या शतकातला त्याचा बराच कागद काळा घोडा ते हॉर्निमन सर्कल एवढ्याशा अंतरात आहे: एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. कारण साधं आहे. १९ जानेवारी १८३९ ला कॅप्टन हेन्सने एडन घेतलं आणि तेव्हापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे बर्बेरात, काही खुट्ट झालं की एडनहून पत्र यायचं ते मुंबईला.

पुराभिलेखागारात जाताना ओळखपत्र, संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं शिफारसपत्र आणि शिसपेन्सिल न्या; शाईचं पेन दप्तरातच राहू द्या. भिंगही न्या, कारण हाताने लिहिलेल्या नकलांमध्ये शाई कागदाच्या आरपार गेलेली असते आणि मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानावर उमटलेली दिसतात. पान मधून उचलू नका, वरच्या कोपऱ्यातून सावकाश उलटा.

आता सगळ्यांना अडवणारी गोष्ट. सूचीत 'बर्बेरा' शोधून पंधरा मिनिटांत हात हलवत परत येणारे बरेच असतात. तो मथळा क्वचितच सापडतो. १८३९ नंतरच्या पत्रांसाठी पॉलिटिकल डिपार्टमेंटच्या खंडांत 'एडन' बघा, जहाजांच्या भानगडींसाठी मरीन डिपार्टमेंट बघा. त्याआधीचं हवं असेल तर 'मोखा' (येमेनचं बंदर) आणि 'तांबडा समुद्र' या नावांखाली शोधा. १८२५ मध्ये मेरी ॲन हे इंग्रजी ब्रिग जहाज बर्बेराला लुटलं गेलं, त्यानंतर इंग्रजांनी बंदराची नाकेबंदी केली आणि १८२७ मध्ये हबर अवल या सोमाली कुळाच्या लोकांशी तह झाला, ते प्रकरण या काळातलं. स्पेलिंगही एक नाही. बर्बरा, बर्बेराह, बरबुर्रा, आणि सोमालीचं सोमाउली, सौमाली. ही सगळी रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि नवीन सापडलं की भर घाला. जुन्या अरबी ग्रंथांत मात्र उलटी अडचण होते. तिथे 'बर्बर' हा शब्द कधी या अख्ख्या किनाऱ्यासाठी येतो, कधी उत्तर आफ्रिकेतल्या वेगळ्याच लोकांसाठी. तिथे शब्द दिसला म्हणून गाव सापडलं असं समजू नका.

कागद उघडण्याआधी एक तक्ता करा, आणि हे काम टाळू नका. उभ्या रकान्यात ऑक्टोबर ते एप्रिल, त्याखाली मे ते सप्टेंबर. बर्बेराचं वर्ष वाऱ्यावर चालत असे. ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की ऑक्टोबरपासून आतल्या मुलखातले लोक येऊन झोपड्या उभ्या करायचे, आतल्या हरर शहराहून उंटांचे तांडे यायचे, आणि समुद्राकडून पोरबंदर, मांडवी व मुंबईच्या वाण्यांच्या कोटिया, म्हणजे शिडाची गलबतं. एप्रिल उजाडला की जत्रा मोडायची आणि सगळं रिकामं. उन्हाळ्यात तिथे जमिनीकडून वाळू घेऊन येणारा जो तापलेला वारा सुटतो त्याला 'खरीफ' म्हणतात. अरबी शब्द तोच, जो आपल्याकडे खरीप होऊन पेरणीला लागला. एकाच ऋतूत आपल्याकडे शेत भरतं आणि तिकडे गाव ओस पडतं, हे लक्षात ठेवलं तर तारखा चुकत नाहीत.

हा तक्ता किती कामाचा आहे ते १८५५ च्या प्रकरणात बघा. मुंबईच्या फौजेतला अधिकारी रिचर्ड बर्टन याच्या तळावर १८-१९ एप्रिलच्या रात्री हल्ला झाला. त्याच्या सोबत्यांपैकी स्ट्रॉयन मेला, स्पीक जबर जखमी झाला, बर्टनच्या एका गालातून दुसऱ्या गालापर्यंत भाला गेला. नुसतं वाचलं तर वाटतं, हा हल्ला आभाळातून कोसळला. तक्त्यावर तारीख ठेवा. जत्रा मोडलेली, गलबतं गेलेली, बंदर मोकळं, आणि ही मंडळी युरोपच्या टपालाची वाट पाहत मागे राहिलेली. हल्ला का झाला याची कारणं आणखी असतील, पण तो तेव्हाच का होऊ शकला याचं उत्तर ऋतूत आहे. पुढे पुन्हा नाकेबंदी झाली आणि १८५६ मध्ये नवा तह.

जत्रेचं सगळ्यात बारीक वर्णन इंडियन नेव्हीच्या लेफ्टनंट क्रटेंडेनचं. ते बॉम्बे जिओग्राफिकल सोसायटीच्या कामकाजाच्या खंडांत आहे. ही संस्था १८७३ मध्ये एशियाटिकमध्ये मिसळली, म्हणून टाउन हॉलमध्ये विचारा. वाण्यांच्या कोटियांच्या बाजूला तुपाच्या रिकाम्या बरण्यांची रांग टांगलेली असायची, असं त्यात आहे. त्या बरण्यांवर थांबा. रिकाम्या का? कारण जाताना मुंबई-कच्छचं कापड आणि धान्य न्यायचं, येताना सोमाली मेंढपाळांचं तूप भरून आणायचं. बरण्यांच्या एका ओळीत दोन्ही दिशांचा व्यापार दिसतो. तुपाबरोबर कॉफी, डिंक, ऊद, शहामृगाची पिसं आणि गुलाम माणसंही या बंदरातून जात. हा शेवटचा माल नोंदीत असेल तर तुमच्या लिखाणातही आला पाहिजे.

'अब्बान' हा शब्द दिसला की तुमच्या वहीत त्याच्याखाली रेघ मारा. परक्या व्यापाऱ्याला किनाऱ्यावर उतरायचं तर एक सोमाली माणूस अब्बान म्हणून धरावा लागे. आपल्याकडच्या भाषेत तो अडत्या, दुभाषा आणि जामीन एकातच. त्याचा वाटा ठरलेला, आणि त्याच्या पाहुण्याला हात लावला तर वैर त्याच्याशी. इंग्रजी पत्रांतून याला बहुधा लुबाडणूक म्हटलेलं असतं. तसं उतरवून घेऊ नका. जिथे सरकार नाही, कचेरी नाही, तिथे हजारो माणसांचा बाजार याच व्यवस्थेवर चालत होता.

आकडे उतरवताना दोन ठिकाणी घात होतो. पहिलं, मण. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलो, बंगाली मण सव्वाब्याऐंशी पौंडांच्या किंचित वर, सुमारे ३७.३ किलो. कोणता ते न पाहता तुपाचा आकडा घेतला तर तिप्पट फरक पडतो. मुंबईची खंडी २० मणांची, ५६० पौंड. दुसरं, वर्ष. सरकारी साल १८६६ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल असं धरत, १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणून बर्टनवरच्या हल्ल्याची तारीख १८५४-५५ च्या सालात पडते. जुन्या पद्धतीत एक जत्रा पूर्ण एका सालात बसते, नव्या पद्धतीत तिचं शेपूट पुढच्या सालात जातं. हे न सांभाळता तक्ते जोडले तर नसलेली घट दिसते.

मालाच्या नावातही फसगत आहे. बाळंतिणीसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून आणतात तो हिराबोळ सोमाली किनाऱ्याचा. तो एडनमार्गे मुंबईला येई आणि इथून निवडून पुढे लंडनला जाई, त्यामुळे तिकडच्या औषधींच्या पुस्तकांत तो 'ईस्ट इंडिया' माल म्हणून नोंदलेला आहे. भारतात पिकला असं त्यावरून लिहू नका.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं मलाओ हे बंदर म्हणजे बहुधा बर्बेरा. वाळूच्या जिभेचा उल्लेख तिथेही आहे. त्याच ग्रंथात कल्याण आणि सोपारा आहेत, आणि भडोचकडून तिकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड जात असल्याचंही. तुपाची दिशा तेव्हा उलटी होती, यावर एक परिच्छेद नक्की खर्च करा.

१८७० च्या दशकात इजिप्तने गावाचा ताबा घेतला, धक्के बांधले, दुबारच्या झऱ्यांचं पाणी नळाने आणलं, आणि १८८४ मध्ये ते निघून गेले. लगेच इंग्रजांचं संरक्षित राज्य आलं. १८९८ पर्यंत ते एडनमार्गे हिंदुस्थानच्या कारभारात होतं, पुढचे कागद लंडनच्या परराष्ट्र खात्याचे आणि १९०५ पासून वसाहत खात्याचे. तरी रुपया तिथे १९४१ पर्यंत चालला. ऑगस्ट १९४० मध्ये इटलीने घेतलेलं बर्बेरा १६ मार्च १९४१ ला समुद्रातून उतरून परत घेतलं ते एडनहून गेलेल्या, दोन वेगवेगळ्या पंजाब रेजिमेंटांच्या दोन पलटणींनी. राजधानी नंतर हर्गेसाला गेली. या भागासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ आणि कतार डिजिटल लायब्ररी घरबसल्या चाळता येतात.

शेवटी सगळी माणसांची आणि कुळांची नावं सोमालींकडून तपासून घ्या. मुंबईच्या दप्तरात बर्बेराचे लोक बहुतेक वेळा आरोपी म्हणून येतात: कुणीतरी लुटलं, कुणीतरी मारलं. त्यांची स्वतःची बाजू वंशावळींत आणि कवितांत आहे, आणि ती शोधायला नावाचं आजचं रूप लागतं. सोमाली भाषेने १९७२ मध्ये रोमन लिपी घेतली, त्यात घशातल्या ह साठी एक्स आणि अरबी ऐनसाठी सी वापरतात. म्हणजे अहमदमध्ये एच नाही, एक्स येतो. अली सी पासून सुरू होतो. इंग्रजी पत्रांतले 'अयाल अहमद' आणि 'अयाल यूनिस', ज्यांच्यात बंदरावरच्या हक्कावरून भांडण होतं, ते आज 'अयाल'ऐवजी 'रेर' (घराणं) लावून शोधा. ही दोन घराणी वेगळी ओळखता आली की १८४० च्या दशकातली निम्मी पत्रं, जी आधी नुसती गोंधळाची वाटत होती, कोण कुणाविरुद्ध एडनला तक्रार करतंय ते सांगू लागतात.